चिऱ्याच्या रंगाचा गणवेश

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबावं लागणार नाही. मी जे करून ठेवलं ना, त्यावर पालीच्या बाजारातली भाजीवाली अजून हसते. मी दिसले की तागडी खाली ठेवते नि विचारते, "काय वहिनी, आज कुठला रंग?" आणि मी तिला मान ताठ ठेवून सांगते. चूक झाली असेल हो, पण माघार? ती माझ्या स्वभावातच नाही. तोच तर सगळा घोटाळा आहे!

मी वृंदा. पालीपासून जरा आत आमची वाडी. पुढे रस्ता, मागे आंब्याची कलमं, मधे आम्ही तिघं. हे रत्नागिरीला एका बँकेत कारकून आहेत, आणि मुलगा ओंकार गावच्या मराठी शाळेत जातो. शाळा तशी छोटी. पण भिंत बघा तिची! चांगला जांभा चिरा, गिलावा नाही की रंग नाही, नुसता लालबुंद दगड, आणि समोर तसंच लाल मातीचं पटांगण.

तर सगळं सुरू झालं बोंडूपासून.

बोंडू म्हणजे काजूचं फळ. खायला रसाळ, पण त्याचा रस कपड्यावर पडला की संपलं. पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. धुतलात की तपकिरी होतो. मग तो शर्ट फाटेल पण डाग जाणार नाही. आणि आमच्या शाळेचा गणवेश कुठला? पांढरा शर्ट! कोकणात, काजूच्या झाडांखाली, पांढरा शर्ट! ज्याने कोणी हा गणवेश ठरवला त्याला एकदा माझ्या दगडावर कपडे धुवायला बसवायला हवं.

"ओंकार, हा डाग कसला?"

"मी नाही खाल्ला बोंडू. माझ्या अंगावर पडला."

"कुठून?"

"वरून."

"शाळेच्या छपरातून काजू उगवलाय का रे?"

मार्च-एप्रिलात आमची मुलं प्रार्थनेला रांगेत उभी राहिली की पांढरे शर्ट आहेत की ठिपक्यांचं छापील कापड, सांगता यायचं नाही. आणि नेमकी त्याच वेळी हायवेच्या वळणावर ती नवी इंग्लिश शाळा सुरू झाली. ब्लेझर! टाय! आमच्या हवेत! पोरं घामाने निथळत बसमधून उतरतात, पण आया काय म्हणतात? "दिसतो कसा हो आमचा बाळ्या, अगदी साहेब!" शाळेत शिकवतात काय, हे कोणी विचारत नाही. टाय कुठल्या रंगाचा, ते विचारतात. एकेक करून वाडीतली पोरं तिकडे जायला लागली.

जूनच्या पालकसभेत संस्थेचे अध्यक्ष आले. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. माणूस देवमाणूस, पण बातमी वाईट घेऊन आले.

"पुढच्या जूनला पहिलीत दहा तरी नवी मुलं हवीत," भाऊ म्हणाले. "नाहीतर पहिलीचा वर्ग बंद करायला लागेल. मग पहिलीला शिकवणाऱ्या मीनाबाईंना आपल्या दुसऱ्या शाळेत पाठवू."

"दुसरी शाळा म्हणजे ती आंजर्ल्याजवळची?" मी विचारलं.

"तीच."

आता आंजर्ले सुंदर गाव आहे. कड्यावरच्या गणपतीला जावं, हात जोडावेत, संध्याकाळी घरी यावं. पण मीनाबाईंचं घर इथे. नवरा मुंबईला नोकरीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी रोज निम्मा जिल्हा ओलांडून जायचं कसं? ओंकार पहिलीत गेला तेव्हा पेन्सिल कोयत्यासारखी मुठीत धरायचा. त्या पोराला ह्या बाईने हाताला धरून अक्षर शिकवलंन. मी मागे वळून बघितलं तर मीनाबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले.

"भाऊ, मुलं येतील. गणवेश बदला, मग बघा येतात की नाही! लोकांना कपडेच बघायचेत ना? त्या ब्लेझरवाल्यांना खाली बघायला लावते की नाही बघा. माझी जबाबदारी!"

ह्यांनी खालून माझा पदर ओढला.

"बस खाली."

"बसणार नाही."

"अगं, तुझा स्वतःचा ब्लाऊज साडीला मॅच होत नाही, नि तू शाळेचा गणवेश ठरवणार?"

तुम्हीच सांगा, असं कोणी बोललं की माणूस पेटणार नाही तर काय होईल?

घरी येऊन पहिला फोन लावला सईला. सई माझ्या नणंदेची मुलगी, मुंबईत फॅशन डिझायनिंग शिकते. कान टोचून टोचून तिच्या कानाला जागा राहिलेली नाही, पण पोरगी हुशार आहे.

"मामी, सध्या रॅम्पवर सगळीकडे मातीचे रंग चाललेत," ती म्हणाली. "विटकरी, तांबूस, गेरूसारखे. परदेशातले मोठमोठे डिझायनर मातीकडे वळलेत."

"परदेशात कसली गं माती?"

"असेल तशी."

"मग आमची काय वाईट आहे?"

"वाईट? मामी, तुमची तर एक नंबर आहे!"

तिने मला व्हिडिओ पाठवले. मी दुपारभर बघत बसले. काय त्या पोरी! जेवण नाही, हसू नाही, कोणावर तरी रागावल्यासारख्या ताडताड चालत येतात, अंगात गोणपाटासारखं काहीतरी मातकट, आणि लोक टाळ्या वाजवतायत! आमच्याकडे गवत कापून दमलेल्या बायका घरी येतात त्या ह्याच रंगाच्या होऊन येतात. त्यांना कधी कोणी टाळ्या वाजवल्यात?

पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मातीचा रंग! पटांगणातली लाल माती लागली, दिसणार नाही. बोंडूचा डाग पडला, दिसणार नाही. आणि वर फॅशन ती फॅशन! आपल्या मातीचा, आपल्या चिऱ्याचा रंग, तोही अगदी तंतोतंत. उगाच कुठलातरी लालसर-बिलसर नको.

आता तंतोतंत रंग म्हटला की नमुना न्यायला हवा. घराच्या मागे चिऱ्याचा ढीग होता. त्यातला एक चांगला नारळाएवढा तुकडा मी निवडला, पेपरात गुंडाळला, पिशवीत घातला आणि रत्नागिरीची एसटी पकडली.

कापडवाल्या शेठजींच्या गादीवर मी तो ठेवला. धप्प!

शेठजी दचकून मागे सरले. "काकी, भाव कमी करायला सांगा ना तोंडाने! दगड कशाला आणलात?"

"भावाचं नंतर. ह्या रंगाचं सुती कापड दाखवा."

त्यांनी मरून दाखवलं. मी तागा उचलला, दुकानाच्या दारात उन्हात नेला, वर चिरा ठेवून बघितला. नाही. कॉफी दाखवलं. नाही. विटकरी दाखवलं. जवळ आलं, पण नाही. गल्ल्यावरचा माणूस उठून बघायला आला. शेजारच्या दुकानातले दोघं आले. एक बाई साडी घ्यायच्या सोडून माझ्याच बाजूने भांडायला लागल्या, "अहो शेठ, दगडाला पिवळी झाक आहे, तुमच्या कापडाला कुठे आहे?"

शेवटी शेठजींनी माळ्यावरून धुळीने भरलेले तागे खाली काढायला लावले. उन्हात नेले, वर चिरा ठेवला आणि काय सांगू! कुठे दगड संपतो नि कुठे कापड सुरू होतं, कळेना! कापडावर बारीक काळपट ठिपकेसुद्धा होते, जांभ्यावर असतात तसे. मी भर बाजारात नाचायचीच बाकी होते.

"काकी, हे कापड कोणी घेत नाही," शेठजी खरं ते बोलले.

"कारण कोणाला दृष्टी नाही!" मी म्हटलं. "सगळे तागे बांधा."

मुख्याध्यापिका शिर्केबाईंनी कापड बोटांत धरून बघितलं.

"वृंदाताई, जरा मळकट नाही का वाटत?"

"म्हणूनच तर! मळलं तरी कळणार नाही."

"पण शर्ट आणि चड्डी दोन्ही ह्याच रंगाची? नि मुलींचा पिनो फ्रॉकसुद्धा?"

"वरपासून खालपर्यंत एकच रंग. रॅम्पवर तसंच घालतात."

रॅम्प म्हटल्यावर शिर्केबाईंनी मान डोलावली. आमच्याकडे रॅम्प म्हणजे होड्या चढवतात तो. बहुतेक त्यांना वाटलं, हिची तब्येत बरी नाही, वाद नको.

दिवाळीनंतर सगळी शाळा नव्या गणवेशात आली. आणि पोरं काय खूश! मला वाटलं होतं थोडी कुरकुर करतील, तर कसलं काय. ओंकार तर सकाळी मी हाक मारायच्या आधी कपडे घालून तयार. बोंडूचा हंगाम आला, पण एक डाग दिसला नाही कुठे. पालक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, "वहिनी, हात दुखायचे थांबले हो कपडे आपटून." मी ह्यांच्याकडे तिरप्या डोळ्याने बघायची. हे पेपरात तोंड घालायचे.

आता उरलं होतं एकच काम, लोकांना हे सगळं दाखवणं. हायवेवर मोठा फ्लेक्स लावायचा असं ठरलं. फ्लेक्सवर सगळ्या मुलांचा फोटो, म्हणजे जाता-येता लोकांचे डोळे दिपले पाहिजेत.

पालीहून बाळू फोटोग्राफर आला. शिर्केबाईंनी संमेलनातला निळा पडदा आणून ठेवला होता.

"हा मागे लावूया, जरा शोभा येईल."

"पडदा?" मी म्हटलं. "एवढी देखणी भिंत असताना पडदा? आपली माती, आपला चिरा, आपली मुलं! भिंतच दिसली पाहिजे."

"मग आम्ही शिक्षिका बाजूने उभ्या राहतो."

"नको. लोकांना मुलं दाखवायचीत, तुम्हाला नाही. रागावू नका हं."

सगळ्या बिचाऱ्या पायरीवर जाऊन बसल्या. बाळू दुपारीच आला होता, पण मी त्याला थांबवून ठेवलं. म्हटलं, तिरपं ऊन येऊ दे, भिंत कशी झळकते बघ. संध्याकाळचं तांबडं ऊन आलं, भिंत झळकली, मुलं झळकली, नि बाळूने पटापट फोटो काढलान. आता विचार करा, एवढ्या माणसांतून एकाच्याही डोक्यात आलं नाही! कारण समोर मुलं हलत होती, हसत होती, एकमेकांना ढकलत होती. डोळ्यांना दिसतात हो हलणारी मुलं.

फ्लेक्स करणाऱ्या मुलाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर फणसाचे पापड थापत होते.

"काकी, शाळेचं नाव पिवळ्या अक्षरात टाकू?"

"पिवळ्या? लग्नाचा बोर्ड आहे का तो? मातीच्या रंगात टाक. गणवेशाला जुळायला हवं."

"आणि खाली तुमचा मोबाइल नंबर?"

"तो टाक कसाही. मोठा टाक म्हणजे झालं."

त्याने नमुना मोबाइलवर पाठवलान. माझे हात चिकट, चष्मा खाली स्वयंपाकघरात. लांबून बघितलं तर सगळं छान एकसारखं तांबूस दिसलं. मी कोपराने दाबून अंगठा पाठवला. तो अंगठा मला काय भोवला, ते आता ऐका.

फ्लेक्स लागला त्याच दिवशी, रविवारी दुपारी, जेवायला बसलो तर पहिला फोन आला.

"हालो, काकी, तुमचा बोर्ड बगितला हायवेला."

माझा हात आमटीत तसाच राहिला. ह्यांना खुणेने सांगितलं, आला, आला, पहिला पालक आला!

"नमस्कार, नमस्कार! बोला ना!"

"पसंत पडला बगा. पन पावसात टिकंल ना? मागल्या वर्षी दुसरीकडनं घेतला, तो पार विरघाळला."

मी म्हटलं, किती बारकाईने विचार करतात लोक गणवेशाचा! "अहो, टिकेल म्हणजे काय! भिजवा, घासा, दगडावर आपटा, काहीसुद्धा होणार नाही."

"दगडावर आपटून बगितलाव?"

"रोज आपटते मी!"

"तुमी सोता? कमाल हाय तुमची काकी!" माणूस एकदम आदराने बोलायला लागला. "मंग मला लागतील."

"तुमचे किती आहेत?"

"सुरवातीला हजारभर बगू."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे.

"हजार?"

"घराला हो. मंग कुंपनाला आनखी लागतील."

"कुंपणाला मुलं लागतील?"

मग तो माणूस हळूच म्हणाला, "काकी, ही चिऱ्याची खान नव्हं काय?"

मी म्हटलं, असेल कोणी वेडा. पण संध्याकाळपर्यंत फोनची रांग लागली. गाडीपोच देता का? भाव काय? खाणीवर येऊन माल बघितला तर चालेल का? एकाने तर मला झापलं, "बोर्ड लावता एवढा मोठा, नि धंदा करायचा नाही?" आणि पोरांच्या शाळेचं विचारणारा एकही नाही.

"चल, बघून येऊ," हे म्हणाले, नि स्कूटर काढलीन.

हायवेच्या पलीकडे थांबलो. समोर फ्लेक्स. काय दिसलं? भिंत! सुंदर, लालबुंद, झळकणारी, चिऱ्याची भिंत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शाळेचं नाव त्याच रंगात असल्यामुळे कुठच्या कुठे विरघळलेलं. आणि खाली पांढऱ्या ठळक आकड्यांत, लांबून ट्रकवाल्यालाही वाचता येईल असा, माझा मोबाइल नंबर.

"वृंदा," हे म्हणाले, "मुलं कुठे गं?"

मी चष्मा लावला. पुढे जाऊन बघितलं. "ती बघा ना, भिंतीत मधे मधे काळी भोकं दिसतात…"

"जांभ्याला असतातच भोकं."

"ती भोकं नाहीत. ती डोकी आहेत."

हे स्कूटरवर डोकं टेकून हसले. भर रस्त्यात. एसटी थांबली दोन मिनिटं, ड्रायव्हरला वाटलं माणसाला काहीतरी झालंय.

मी मात्र हसले नाही. कारण दुसऱ्या दिवशी मीनाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत यायला तयार नाहीत.

"वहिनी, तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "पण आता आंजर्ल्याला माझी मावसबहीण आहे, तिला खोली बघायला सांगितलंय. सासूबाईंना कसं न्यायचं तेवढं बघायचं राहिलंय."

एक शब्द रागाचा नाही हो. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या गेल्यावर मी मागच्या पडवीत जाऊन रडले. आणि रडताना परत फोन वाजला.

"चिरा मिळंल काय?"

मी नाक पुसलं. आता बघाच, म्हटलं.

"मिळेल!" मी ठणकावून सांगितलं. "माझ्या चुलत दिरांची खाण आहे, पत्ता देते. पण आधी सांगा, घर कोणासाठी बांधताय?"

"सोतासाटी. मुंबई सोडली, आता हितंच राहायचं."

"लहान मुलं आहेत?"

"हाय एक पोरगी."

"वय?"

"काकी, चिऱ्याला पोरीचं वय कशाला लागतं?"

"वय सांगा, मग पत्ता!"

काय करता बिचारा? सांगितलंन. मग मी हेच धोरण धरलं. जो नवं घर बांधतो त्याच्या घरी लहान पोर असतंच, नाही का? जो कोणी फोन करेल त्याला मी सांगायची, पत्ता असा तोंडी सांगता येत नाही, शाळेत या, मी तिथे भेटते, आणि मुलांना घेऊन या. दीर म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाइकं येतात ती आधी शाळा बघून येतात, हा काय प्रकार आहे?" मी म्हटलं, गप्प चिरे विका.

माणसं आली. आईबाप शिर्केबाईंच्या खोलीत बसायचे, पोरं मधल्या सुट्टीत पटांगणात पळायची. मी भडाभडा बोलायची. सुती कापड, घाम शोषतं, डाग दिसत नाही, परदेशातसुद्धा हाच रंग चाललाय! ते ऐकून घ्यायचे, चहा प्यायचे, आणि सगळे एकाच सुरात म्हणायचे, "बघतो, कळवतो." एका आईने तर तोंडावर विचारलं, "टाय नाही का?" मला कळून चुकलं, ही काही येत नाहीत. तरी मी सोडलं नाही. शाळेला सुट्टी लागली तरी मे महिन्याच्या शेवटापर्यंत रोज शाळेच्या पायरीवर जाऊन बसायची.

जून उजाडला. शाळेचा पहिला दिवस. मी छत्री घेऊन फाटकाशी उभी. आणि विश्वास ठेवा, एक रिक्षा आली. मग एक मोटरसायकल, पुढे एक पोर, मागे एक. मग चिऱ्याचा तो मुंबई सोडून आलेला फोनवाला, पोरीला खांद्यावर घेऊन. दहाच्या कितीतरी वर गेला आकडा! शिर्केबाईंना बाकडी कमी पडली. मीनाबाई वर्गाच्या दारात उभ्या राहून हसत होत्या नि डोळे पुसत होत्या.

आणि गंमत म्हणजे प्रत्येक बाप एकच सांगत होता. "आमचं नव्हतं मनात. पोरानेच हट्ट धरलान. हीच शाळा, नि हाच ड्रेस!" एक स्वरा नावाची मुलगी तर त्या ब्लेझरवाल्या शाळेतून आली होती. तिची आई म्हणाली, "दोन दिवस जेवली नाही हो, ह्या गणवेशासाठी!"

मला आभाळ ठेंगणं झालं. रात्री सईला फोन करून सांगितलं, तू शिकतेस ते मला जन्मतःच येतं.

पहिल्याच पालकसभेत भाऊ उठले. माझं नाव घेऊन चार चांगले शब्द बोलले. मग मी माइक घेतला. घ्यायला नको होता. पण तुम्ही मला एव्हाना ओळखलंच असेल.

"काही लोक हसले," मी मागच्या रांगेत बसलेल्या ह्यांच्याकडे बघून म्हटलं. "पण फॅशन मोठ्यांना कळत नाही, मुलांना बरोबर कळते! स्वरा बाळ, ये पुढे. सांग सगळ्यांना, तो ब्लेझर, तो टाय सोडून तू इथे का आलीस?"

स्वरा माइकपाशी आली. "ह्या ड्रेसमुळे."

टाळ्या! मी सगळीकडे नजर फिरवली. इथेच थांबले असते तर आज भाजीवाली हसली नसती.

"आणि ह्या ड्रेसमध्ये तुला काय आवडलं? मोठ्याने सांग!"

"लपाछपी खेळताना भिंतीला चिकटायचं नि डोकं खाली घालायचं," स्वरा म्हणाली. "मग कोणालाच सापडत नाही! मी बघायला आले होते ना, तेव्हा आख्खी सुट्टी संपली तरी एकपण सापडला नव्हता!"

सगळी सभा हसत सुटली हो! भाऊंचा चष्मा खाली पडला. चिऱ्याचा तो फोनवाला उठून टाळ्या वाजवायला लागला. हे तर बाकावरून घसरलेच. मी माइक हातात धरून तशीच उभी. तरी मनात म्हटलं, हसा किती हसायचं ते. वर्ग वाचला की नाही? मीनाबाई राहिल्या की नाही? मग झालं तर!

गणपतीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली, पाऊस जरा कमी झाला, पोरं परत पटांगणात खेळायला लागली. आणि एका संध्याकाळी मीनाबाई आमच्याकडे आल्या. केस सुटलेले, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही तळहात लाल, श्वास लागलेला.

मी उठून चहा टाकला. "अहो, आभार मानायला एवढं धावत कशाला यायचं? बसा बघू आधी."

त्या बसल्या. पाणी प्यायल्या.

"वहिनी, मधली सुट्टी संपल्याची घंटा होते ना, तेव्हा मी मुलांना वर्गात न्यायला पटांगणात जाते."

"बरं मग?"

"मुलं मिळत नाहीत हो! रोज! त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत भिंतीवर हात फिरवत जाते, एकेक चाचपत. मऊ लागलं की मूल, टोचलं की चिरा."

चहा उतू गेला तिकडे. मीनाबाईंनी माझा हात धरला नि अगदी हळू आवाजात विचारलं,

"वहिनी, रागावू नका, पण ती आंजर्ल्याची जागा अजून रिकामी आहे का हो?"